नव्या सीडीला दाता मिळतो, जुन्या फितीला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणावर आलेला लेख वाचला आणि त्यातला एक मुद्दा खटकला, म्हणून हे पत्र. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे: रेकॉर्डिंग आता स्वस्त झाले आहे, बरा मायक्रोफोन आणि लॅपटॉप असला की भागते, जगभर पोचवायला स्ट्रीमिंग आहेच, तेव्हा ज्या संस्था अजूनही अनुदाने आणि देणग्या मागत फिरतात, त्यांनी बाजारात उतरून स्वतःच्या पायावर उभे राहावे. मी पेशाने लेखापाल. अमेरिकेतल्या एका छोट्या ना-नफा रेकॉर्डिंग संस्थेचे हिशेब मी निवृत्त होईपर्यंत पाहिले. पाश्चात्त्य अभिजात संगीत, त्यातही हयात संगीतकारांच्या रचना, हे त्या संस्थेचे काम. संगीतातले मला बेताचेच कळते. जमाखर्चातले कळते, आणि हा लेख जमाखर्चाला धरून नाही.

आधी खर्च. पियानो आणि चार तंतुवाद्ये एवढाच संच घ्या, तासाभराची एक सीडी. सभागृह तीन दिवस आपल्या ताब्यात हवे. पियानो जुळवणारा माणूस तिन्ही दिवस हजर लागतो, कारण वाजवता वाजवता पियानोचे सूर किंचित सरकतात, आणि सकाळच्या टेकला (एका दमात मुद्रित केलेल्या तुकड्याला) दुपारचा तुकडा जोडायचा तर दोन्हीकडचा सूर तंतोतंत एक हवा. वातानुकूलन बंद ठेवतात. आपल्याला न जाणवणारी त्याची घरघर मायक्रोफोन सोडत नाही. प्रोड्यूसर दुसऱ्या खोलीत छापील स्वरलिपी उघडून बसलेला असतो. कितवा टेक, कुठल्या ओळीत व्हायोलिन किंचित आधी आले, कुठे कोणाची खुर्ची करकरली, सगळे तो पेन्सिलीने तिथल्या तिथे टिपतो. पुढे काही आठवडे संकलक त्या खुणा पाहत शेकडो तुकडे जोडत राहतो. आणि सत्र संपताना सगळ्यांना स्तब्ध बसवून रिकाम्या सभागृहाची शांतता मिनिटभर मुद्रित करून घेतात, कारण दोन भागांच्या मध्ये नुसतीच कोरी पोकळी ठेवली तर कानाला ती लगेच कळते. त्या मिनिटाचेही भाडे बिलात असते. मी ते भरलेले आहे.

यातला लॅपटॉपचा वाटा किती? यंत्रे स्वस्त झाली हे लेखकाचे म्हणणे खरेच आहे. पण यंत्रे हा खर्चाचा मोठा भाग कधीच नव्हता. माणसे आणि जागा यांत पैसा जातो, आणि ती काही स्वस्त झालेली नाहीत. ऑर्केस्ट्रा असला तर विचारूच नका. साठ-सत्तर वादक, तीन तासांचे सत्र, त्यात ठरलेली विश्रांती, आणि हाती लागते फार तर पंधरा-वीस मिनिटांचे पक्के संगीत. नव्या रचनेचे वादकांसाठीचे कागद प्रकाशकाकडून भाड्याने आणावे लागतात, ते वेगळेच. ख्यालाच्या मैफलीत मंचावर चार-पाच माणसे असतात आणि पुष्कळदा चालू मैफलच मुद्रित होते, त्यामुळे आपल्याकडच्या रसिकाच्या डोळ्यांसमोर हा पसारा सहसा येत नाही. लेखकाचेही बहुधा तेच झाले असावे.

आता उत्पन्न. स्ट्रीमिंगमध्ये साधारणपणे तीस सेकंद ऐकले की एक वेळ मोजली जाते. मग ते दोन मिनिटांचे गाणे असो की पंचवीस मिनिटांचा सिंफनीतला एक भाग (मूव्हमेंट), मोजदाद एकच. म्हणजे लांब रचना करणाऱ्यांची परंपराच या हिशेबात तोट्यात. त्यातून २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला काहीच मिळणार नाही. लोकप्रिय गायकाच्या दृष्टीने हा आकडा क्षुल्लक असेल. एखाद्या हयात संगीतकाराच्या बासरी आणि हार्पच्या तुकड्याला तो डोंगराएवढा आहे. आमच्या वहीत स्ट्रीमिंगचा रकाना होता. त्यातली वर्षाची बेरीज पाहून मला वाटे, याची नोंद ठेवायला लागणारा माझा वेळच जास्त महाग असेल.

बाजार हे काम पूर्वी तरी कधी करत होता का? लेखकाला वाटते की मोठ्या कंपन्यांच्या सुवर्णकाळी अभिजात संगीत स्वतःच्या कमाईवर जगत होते. १९३१ मध्ये वॉल्टर लेग याला एचएमव्ही या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीमधून ह्यूगो वोल्फ या ऑस्ट्रियन संगीतकाराची गीते काढायची होती, तेव्हा कंपनीने धोका पत्करला नाही. ५०० वर्गणीदारांनी आधी पैसे भरले तरच रेकॉर्डिंग, अशी अट होती. आपल्या प्रकाशनपूर्व नोंदणीचाच प्रकार. पियानोवादक आर्टुर श्नाबेलने १९३२ पासून बीथोवनचे ३२ पियानो सोनाटा मुद्रित केले, तेही अशाच वर्गणीदारांच्या सोसायटीसाठी. पुढे अमेरिकेत कोलंबिया रेकॉर्ड्सच्या गॉडर्ड लीबरसनने स्ट्राव्हिन्स्की, वेबर्न यांच्यासारख्या आधुनिक संगीतकारांची रेकॉर्डिंगे काढली ती कशाच्या बळावर? त्याच कंपनीने १९५६ च्या ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेच्या निर्मितीत पैसा घातला होता आणि तिची तबकडी तुफान खपली होती. म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात. ती देणगीच होती, फक्त दाता आणि घेणारा एकाच इमारतीत बसत होते. कंपन्यांच्या मालकांना दर तिमाहीचा नफा दिसायला हवा झाला आणि तो दुसरा खिसा शिवून टाकला गेला.

ती जागा ना-नफा संस्थांनी घेतली. लुईव्हिल या केंटकीतल्या शहराच्या ऑर्केस्ट्राला १९५३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने ४,००,००० डॉलर दिले, ते हयात संगीतकारांकडून नव्या रचना लिहवून घेऊन, वाजवून, मुद्रित करण्यासाठी. न्यूयॉर्क नाही, बॉस्टन नाही, लुईव्हिल! तिथला महापौर चार्ल्स फार्न्सली आणि ऑर्केस्ट्राचा कंडक्टर रॉबर्ट व्हिटनी यांच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना. त्याच फाउंडेशनच्या पैशातून १९७५ मध्ये न्यू वर्ल्ड रेकॉर्ड्स उभी राहिली. अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त अमेरिकन संगीताचा १०० तबकड्यांचा संच काढायचा आणि तो जगभरच्या ग्रंथालयांना, विद्यापीठांना फुकट वाटायचा, असा तो बेत होता आणि तो पार पडला. शिकागोची सेडिल रेकॉर्ड्स १९८९ ची. जेम्स गिन्सबर्ग या कायद्याच्या विद्यार्थ्याने ती काढली (अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचा हा मुलगा, वकिली राहिली ती राहिलीच) आणि पुढे तिचेही रूपांतर ना-नफा संस्थेत झाले.

ब्रिटनमधली गोष्ट मला हिशेबनीस म्हणून सर्वांत आवडते. एनएमसी ही हयात ब्रिटिश संगीतकारांची संस्था संगीतकार कॉलिन मॅथ्यूज याने १९८९ मध्ये सुरू केली आणि तिला बळ दिले होल्स्ट फाउंडेशनने. या फाउंडेशनकडे पैसा कुठून? गुस्ताव होल्स्ट या ब्रिटिश संगीतकाराच्या ‘द प्लॅनेट्स’ या ग्रहांवरच्या वाद्यवृंद रचनेच्या स्वामित्वधनातून (रॉयल्टीतून). मंगळ आणि गुरू यांनी जी कमाई केली, ती कोणीही नाव न ऐकलेल्या तरुण संगीतकारांवर खर्च झाली. पण होल्स्ट वारला १९३४ मध्ये. मृत्यूनंतर ७० वर्षांनी, २००४ संपताना, ब्रिटनमध्ये त्या रचनांवरचा हक्क सरला आणि झरा आटला. व्हॉन विल्यम्स या दुसऱ्या ब्रिटिश संगीतकाराने १९५६ मध्ये, हयात असतानाच, आपल्या स्वामित्वधनातून इतर संगीतकारांना मदत करणारा ट्रस्ट केला. तो वारला १९५८ मध्ये, म्हणजे तिथे २०२८ अखेरपर्यंत वेळ आहे. अमेरिकेत संगीतकार एरन कोपलंडच्या नावाचा निधी खास रेकॉर्डिंगसाठी अनुदान देतो. कोलंबिया विद्यापीठातला ॲलिस डिटसन निधी १९४० पासूनचा, एका संगीत-प्रकाशकाच्या विधवेने मृत्युपत्राने ठेवलेला. गेलेल्यांच्या पैशावर हयातांचे संगीत, असा हा व्यवहार आहे, आणि त्याला मुदत असते. लेखकाने ‘कायमची सवय लागलेले’ असा शब्दप्रयोग केला आहे. या धंद्यात कायमचे असे काहीच मी पाहिले नाही.

सरकारी अनुदानाचे तर बोलूच नये. अमेरिकेच्या नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्सचे पैसे मिळाले तरी साधारण तेवढेच पैसे बाहेरून उभे करून दाखवावे लागतात. अर्ज आधी वर्षभर. तारखा, सभागृह, कलावंत, अंदाजपत्रक, सगळे ठरलेले दाखवायचे, आणि पैसे येतील की नाही हे मात्र ठाऊक नाही. २०२५ च्या मे महिन्यात तर या संस्थेने मंजूर केलेली अनुदानेही मोठ्या संख्येने रद्द केली. ज्याने मंजुरीच्या पत्रावर विसंबून सभागृहाला आगाऊ रक्कम दिली असेल, त्याची अवस्था मी कल्पनेनेही जाणतो.

इथवर मी या संस्थांची वकिली केली. आता माझी तक्रार, आणि ती लेखकाच्या तक्रारीपेक्षा वेगळी आहे. देणगीवर चालणे यात मला काही गैर दिसत नाही. देणगी कशासाठी मिळते, यात गैर आहे.

देणगीदाराला नवी सीडी हवी असते. यात त्याचा दोष नाही. जन्माचा सोहळा कोणालाही आवडतो. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर नाव येते, प्रकाशनाच्या मैफलीला पहिल्या रांगेत बसायला मिळते, संगीतकाराशी हात मिळवता येतो. फाउंडेशनचेही तेच. अर्जात ‘प्रकल्प’ लागतो, त्याला सुरुवात आणि शेवट लागतो, शेवटी अहवालाला जोडायला एक चकचकीत वस्तू लागते. मग पैसा येतो तो त्या एका प्रकल्पाच्या नावाने बांधलेला. कायद्यानेही तो दुसरीकडे वळवता येत नाही, आणि वळवू नयेच. त्यामुळे आमच्या ताळेबंदात एक चमत्कार दर वर्षी दिसे: बँकेत रक्कम भरपूर, पण ती पुढच्या चार रेकॉर्डिंगच्या नावाने अडकलेली, आणि गोदामाचे भाडे द्यायला खाते कोरडे. बाहेरच्या माणसाला वाटे, यांच्याकडे पैसा आहे की. संचालक मंडळातल्या एका नव्या सदस्याने मला बैठकीत सरळ विचारले होते, एवढी शिल्लक असताना मागे पगार का थकले? मी त्यांना दोन रकाने दाखवले. त्यांनी पुढच्याच आठवड्यात कोणत्याही अटीशिवाय धनादेश पाठवला. असे देणारे क्वचित.

अटींचे देणगीदारही भेटतात. एका गृहस्थांनी आख्ख्या ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डिंगचा खर्च उचलायची तयारी दाखवली, अट एवढीच की एकल वादक त्यांची मुलगी असावी. मुलगी चांगली वाजवत होती, असे जाणकार म्हणाले. तरी मंडळाने नकार दिला, आणि मला तो पटला. करसवलतीची देणगी घेऊन घरच्या माणसाची सोय करून द्यायची तर ती संस्था धर्मादाय कशी? पण तितका राजरोस नसलेला प्रकार सर्रास चालतो. पुष्कळ ठिकाणी रेकॉर्डिंगचा खर्च संगीतकारानेच किंवा वादकानेच आणायचा असतो. विद्यापीठात नोकरी असेल तर विद्यापीठाच्या संशोधन निधीतून येतो. नोकरी नसेल तर पदरमोड. परिणाम असा की कोणाचे संगीत मुद्रित होणार हे पुष्कळदा अर्ज चांगला कोण लिहितो आणि पगार कुठून येतो यावर ठरते. लेखकाला टीका करायचीच होती तर ही जागा होती.

लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने २००० च्या सुमारास स्वतःचे रेकॉर्ड लेबल (रेकॉर्डिंगे काढणारी शाखा) सुरू केले तेव्हा वेगळा मार्ग धरला. चालू मैफली मुद्रित करायच्या, वादकांनी रेकॉर्डिंगचे आगाऊ मानधन सोडायचे आणि विक्रीत वाटा घ्यायचा. उत्तम चालले आहे, आणि लेखकानेही त्याचे उदाहरण दिले आहे. पण मानधन सोडणे हीही देणगीच आहे, तिची पावती फाटत नाही एवढेच. शिवाय तिथे मैफलच आधीपासून अनुदानावर उभी असते.

सर्वांत उपेक्षित ते जुने काम. न्यूयॉर्कची कंपोझर्स रेकॉर्डिंग्ज, म्हणजे सीआरआय, १९५४ मध्ये ऑटो ल्युनिंग, डग्लस मूर आणि ऑलिव्हर डॅनियल यांनी काढली. तिचा बाणा असा की एकदा काढलेली तबकडी यादीतून कधीही काढायची नाही, खपो वा न खपो. धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणाच. पण अनेक अमेरिकन संगीतकारांची पहिली, आणि कित्येकांची एकमेव, रेकॉर्डिंगे त्यामुळे टिकली. २००३ मध्ये सीआरआय बंद पडली. तिचा संग्रह न्यू वर्ल्ड रेकॉर्ड्सने घेतला म्हणून वाचला. मागणी आली की एक-एक प्रत तयार करून देण्याची सोय न्यू वर्ल्डने ठेवली. घ्यायला कोणी पुढे आले नसते तर?

तर काय होते, ते मी आमच्याच गोदामात पाहिले आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे बरीच वर्षे काही नामांकित बनावटीच्या ध्वनिफितींवरचा चिकट थर हवेतला ओलावा शोषून घेई. अशी फीत यंत्रावर चढवली की ती किंचाळते, अक्षरशः किंचाळते. यंत्राच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) तपकिरी लगदा साचतो, आणि तो लगदा म्हणजेच संगीत असते. थांबवले नाही तर फीत वाजता वाजता पुसली जाते. उपाय विचित्र वाटेल, पण खरा आहे: फीत पन्नास-पंचावन्न अंश सेल्सियसवर काही तास भाजतात. थर तात्पुरता सुकतो, आणि पुन्हा ओलावा धरण्याआधी सगळे डिजिटल करून घ्यायचे. कामाला तंत्रज्ञ हवा, दुरुस्त स्थितीतले जुने यंत्र हवे, त्याचे सुटे भाग हवेत, आणि बसून एकेक फीत पूर्ण ऐकणारा माणूस हवा, कारण तासाच्या फितीला तास लागतोच. मग कागद. जुने करारनामे सापडले नाहीत, वादकांचे वारस कोण हे कळले नाही, तर वाचवलेली फीतही बाहेर काढता येत नाही. नंतर हार्ड डिस्क, तिची दुसरी प्रत, काही वर्षांनी दोन्ही बदलणे. यात प्रकाशनाची मैफल नाही, पहिली रांग नाही, पुस्तिका नाही. ग्रॅमी म्युझियमसारखे मोजके दाते जतनासाठी अनुदान देतात, त्यांचे आभार; पण मागणाऱ्यांची रांग पाहिली तर ते पुरणारे नाही. आमच्या इथे एका ज्येष्ठ संगीतकाराच्या वाद्यवृंद रचनेची एकमेव फीत कपाटात होती, आणि त्याच वर्षी त्यांच्याच नव्या रचनेच्या रेकॉर्डिंगला तीन दाते मिळाले होते. तिघांनाही मी विचारून पाहिले. तिघेही सौजन्याने म्हणाले, ‘पुढच्या वेळी बघू.’

म्हणून लेखकाला आणि आपल्या वाचकांत कोणी अशा संस्थांना देणगी देत असेल त्यांनाही सांगणे एवढेच. ‘बाजारात उतरा’ हा सल्ला देऊन काही साधणार नाही. द्यायचेच असेल तर धनादेशासोबतच्या पत्रात ‘संस्थेच्या सर्वसाधारण खर्चासाठी’ असे स्पष्ट लिहा. त्या ओळीने गोदामाचे भाडे निघते. मोठी फाउंडेशने प्रत्येक नव्या रेकॉर्डिंगच्या अनुदानातला दहावा हिस्सा त्याच संस्थेच्या जुन्या संग्रहाच्या जतनासाठी राखून ठेवायची अट घालू शकतात. अटी घालायला त्यांना आवडतेच, ही एक घालावी. आणि देण्याआधी संस्थेचा वार्षिक हिशेब मागून घ्या. अमेरिकेत या संस्थांना तो जाहीर करावाच लागतो, फॉर्म ९९० या नावाने, आणि कोणालाही तो फुकट पाहता येतो. त्यात पगार, भाडे, जतन यांवर किती खर्च होतो ते पाहा. ‘आस्थापना खर्च अत्यल्प’ अशी फुशारकी एखादी संस्था मारत असेल, तर तिच्या फिती कोण सांभाळते हे जरूर विचारा.

लेखकाने पुढच्या लेखात यावर काही लिहिले तर वाचायला आवडेल. आकडे हवे असल्यास मी देऊ शकेन.

कळावे,
आपला,
एक निवृत्त लेखापाल